मेनूकार्ड कुणाच्या हातात

हॉटेलात जेवायला जाणाऱ्यांना आपल्याकडे दोन तऱ्हेची माणसं नावं ठेवतात. एक म्हणतात, पैसा वर आलाय. दुसरे म्हणतात, घरच्या अन्नाची गोडी गेली, बायांना चुलीचा कंटाळा आलाय. पहिल्यांचं म्हणणं निदान हिशेबाचं असतं; त्याच्याकडे पुढे येईन. दुसऱ्यांचं मला जास्त खुपतं. घरच्या अन्नाचे गोडवे गाणारा माणूस सहसा ते रांधणारा नसतो. तो गरम पोळीची वाट बघत बसलेला असतो.

परभणीत राहून मी हे लिहितोय. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण स्वतःच सांगून स्वतःच हसणारं हे गाव. इथलं उत्तम रेस्टॉरंट म्हणजे मुंबई-पुण्याच्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल ते नव्हे. वसमत रोडला, जिंतूर रोडला असतात तसं काचेचं दार, एसी, छताला पीओपीची नक्षी, गल्ल्यामागे हार घातलेली तसबीर, ग्लासात पंख्यासारखे खोचलेले टिशू आणि शेवटी कोमट पाण्यात लिंबाची फोड घालून येणारी वाटी. पाथरी, मानवत, सेलूकडून माणसं वाढदिवसाला, सोयरिकीच्या बोलणीला, पोरगं नोकरीला लागलं म्हणून मुद्दाम इथं येतात. पाण्याची ती वाटी पहिल्यांदा पुढे आल्यावर काय करायचं हे शेजारच्या टेबलाकडे तिरक्या नजरेने पाहून शिकतात.

या जागांची किंमत तिथल्या पनीरवरून करू नये. तिथं कोण कुणाशेजारी बसतं आणि जेवण कुणाला विचारून येतं, यावरून करावी. या मापाने पाहिलं तर जिल्ह्याच्या गावातलं फॅमिली रेस्टॉरंट ही फार मोठी गोष्ट आहे. त्याच मापाने ते कुठं कमी पडतं, तेही दिसतं.

हे पटवायचं तर आधी पंगत आठवावी लागेल. मांडवात सतरंज्यांच्या पट्ट्या, हलू नये म्हणून पत्रावळीला लावलेला खडा, द्रोणातून पाझरायला लागलेलं वरण, वाढप्यांची पळापळ, आणि ‘बसा हो बसा’ म्हणत दंडाला धरून बसवणारा नवरीचा मामा. त्यातली माया खोटी नव्हती, पण त्या मायेला क्रम होता. आधी व्याही आणि गावातली मानाची माणसं, मग बाकीचे पुरुष, मग पोरंटोरं, मग बाया, सगळ्यांत शेवटी वाढणारे. तोवर बुंदी संपलेली आणि वरणात पाणी वाढलेलं. त्याही पलीकडे, मांडवाच्या बाहेर, घरून भांडं घेऊन थांबलेली माणसं. त्यांना पंगती उठल्यावर वाढायचं. कोण कुठं बसणार हे यजमान ठरवी, आणि यजमानाच्याही आधी जात ठरवी.

याला पर्याय नव्हते असं नाही. आमच्या जिल्ह्यातलं गंगाखेड हे जनाबाईचं गाव. कीर्तनानंतरचा काला एकमेकांच्या हातून खायचा ही वारकऱ्यांची रीत. तोच माणूस घरी आला की त्याचं ताट पुन्हा जातीत जाई. गोदावरीच्याच काठी वर पैठणला एकनाथांनी श्राद्धाचं अन्न अस्पृश्यांना जेवू घातल्याची कथा लोक डोळ्यांत पाणी आणून ऐकत, आणि डोळे पुसून आपापल्या पंगतीत जाऊन बसत. खाली नांदेडला हुजूर साहिबच्या लंगरात आजही कुणीही कुणाच्या मांडीला मांडी लावून बसतं. पण हे सगळं देवाच्या दारात. देवाच्या दारातली समता घरापर्यंत आणायची सवड कुणाला नव्हती.

ज्यांनी ती दाराबाहेर आणायचा प्रयत्न केला त्यांना फार साध्या पदार्थांवरून त्रास झाला. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमधल्या एका सभेनंतर चहा-बिस्किटं आली. त्यावरून ग्रामण्य उभं राहिलं आणि रानडे, टिळक अशा माणसांनाही प्रायश्चित्ताच्या फेऱ्यातून जावं लागलं. कोल्हापूरला याच्या उलट घडलं. पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी चहाचं हॉटेल काढायला लावलं. त्याचं नाव ‘सत्यसुधारक’. मग स्वतः गाडी थांबवून तिथला चहा मागवला, बरोबरच्या बड्या मंडळींच्याही हाती कप दिले. राजाने दिलेला कप नाकारायची सोय नव्हती! पुढे अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीची सहभोजनं घातली. सत्यनारायणाच्या पूजेला दलित जोडपं बसवायचं आणि प्रसादाला झुणका-भाकर, ही त्यांची रीत. या सगळ्यांबद्दल मला आदर आहे. तरी एक गोष्ट नजरेआड करू नये. सहभोजनात कुणीतरी बोलावतं आणि कुणीतरी बोलावलेलं असतं. बोलावणाऱ्याचं नाव वर्तमानपत्रात येतं, बोलावलेल्याचं येत नाही.

हॉटेलात यजमानच नसतो. माझ्या मते खरा फरक तिथं आहे. टेबल मोकळं आहे, या, बसा, पैसे द्या, उठा. कुणी कुणाचा पाहुणा नाही, म्हणून कुणी कुणाचा मिंधाही नाही. ही कोरडी, व्यापारी गोष्ट आहे आणि कोरडी आहे म्हणूनच ती उपयोगी पडली.

घटनाकारांनी हे बरोबर ओळखलं होतं. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली, तेव्हा परभणीला निजामाच्या राज्यातून सुटून सोळा महिने झाले होते. पंधराव्या कलमाचं दुसरं पोटकलम काढून वाचा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुठल्याही नागरिकाला दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा यांत अडवता येणार नाही, असं त्यात आहे. त्याच दमात विहिरी, तळी, स्नानाचे घाट आणि रस्ते येतात. १९२७ सालचं महाडचं चवदार तळं आणि वसमत रोडवरचं एसी हॉटेल एकाच पोटकलमात शेजारी बसलेत. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्यात, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, उपाहारगृहातली भांडीकुंडी वापरण्याचा हक्कसुद्धा वेगळा लिहिलाय. भांड्यांपर्यंत जावं लागलं, कारण अडवणूक भांड्यांपर्यंत होती. टपरीवरच्या कोनाड्यात ठेवलेला वेगळा कप दलित आत्मकथनांत पानोपानी भेटतो. तो कप अलीकडे दिसत नाही, पण त्याचं श्रेय सगळं कायद्याला देऊ नका. पिऊन फेकून द्यायचा कागदी कप आला आणि सवर्ण मनाची सोय झाली. प्रश्न सुटला नाही, कचऱ्यात गेला.

आणि हे जुनं झालं असंही परभणीकराने म्हणू नये. १० डिसेंबर २०२४ ला आमच्याच शहरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या राज्यघटनेच्या प्रतिकृतीची विटंबना झाली आणि पुढचे दिवस कसे गेले ते सगळ्यांनी पाहिलं. आपण हॉटेलात कुठल्याही टेबलावर निवांत बसतो ते त्याच पुस्तकाच्या जोरावर, हे जेवताना आठवायची गरज नाही; पण विसरून चालणारही नाही. घरी स्वयंपाकाला बाई ठेवताना आडून आडून आडनाव विचारणारी माणसं हॉटेलातल्या आचाऱ्याची जात विचारत नाहीत. विचारून उत्तर मिळणार नाही, हे त्यांना ठाऊक असतं.

आता बायकांकडे येतो. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात असं निघालं. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ९७. म्हणजे बाईचे पाच तास. त्यातला मोठा भाग चुलीपाशी. आणि त्या पाच तासांच्या शेवटी तिचं ताट सगळ्यांच्या नंतर, उरलेल्यावर. आमच्याकडे हे इतकं अंगवळणी पडलंय की त्याला कुणी अन्याय म्हणत नाही, वळण म्हणतात.

अशी एक बाई हॉटेलात येते तेव्हा काय होतं ते मी पाहिलंय. शेजारच्या टेबलावर सेलूकडचं कुटुंब होतं. म्हातारे, त्यांची बायको, मुलगा, सून, दोन नातवंडं. वेटरने सवयीने मेनूकार्ड म्हाताऱ्यांपुढे धरलं. त्यांनी ते लांब धरून पाहिलं, चष्मा आणला नव्हता, मुलाकडे सरकवलं. मुलाने उजवीकडचे आकडे आधी वाचले. ते चेहऱ्यावर कळतं. मग कार्ड सुनेकडे गेलं. तिने पोरांना विचारलं, मग सासूला. ‘आई, तुम्हाला काय सांगू?’ म्हातारी म्हणाली, ‘मला काय कळायलंय त्यातलं? सांग काहीबी. तुमचं उरलेलं खाते मी.’ नात बरी खमकी. ‘इथं उरलेलं नसतं आजी. तुला काय आवडतं ते सांग.’ आणि बाई गप्प झाली. रुसून नव्हे, खरंच उत्तर सापडत नव्हतं. नवऱ्याला काय आवडतं, मुलाला काय चालत नाही, व्याह्यांना वरण कसं लागतं, हे सगळं तिला पाठ असणार. स्वतःच्या जिभेची चौकशी तिने कधी केली नव्हती, आणि दुसऱ्या कुणीही केली नव्हती. बऱ्याच वेळाने म्हणाली, ‘गोड असलं काही तर बघ.’ स्टार्टरच्या आधी तिच्यापुढे गुलाबजाम आले. नातवंडं हसली. तिने ते सगळ्यांच्या आधी, एकटीने, बसून खाल्ले.

त्या जेवणात चव काय होती कोण जाणे. पण मेनूकार्ड म्हणजे माणसागणिक विचारलेला प्रश्न आहे, आणि तो प्रश्न आमच्या घरांत निम्म्या माणसांना कधी विचारला गेला नव्हता. हॉटेलात खाण्याने संस्कार बुडतात म्हणणाऱ्यांना माझं एवढंच विचारणं आहे: कुठले संस्कार? उरलेलं खाण्याचे?

मित्रांच्या टेबलाची गंमत निराळी. तिथं बिलावरून झटापट होते, पाकीट काढणाऱ्याचा हात धरला जातो, ‘पुढच्या वेळी तू’ असं ठरतं आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच. आताची पोरं टीटीएमएम करतात, तुझं तू माझं मी, फोनवर भागिले करून मोकळी. जुन्या माणसांना त्यात कोरडेपणा दिसतो. मला दिसत नाही. शेतमजुराचा मुलगा आणि सराफाचा मुलगा एकाच वसतिगृहात राहतात, तेव्हा ‘मी देतो’ हे वाक्य एकाच्याच तोंडी शोभतं. भागिले केलं की दोघंही पुढच्या रविवारी येऊ शकतात. फार तर व्हेज मंचाव वन बाय टू होतं.

पण याच हॉटेलांच्या दारावर ‘फॅमिलीसाठी वेगळी व्यवस्था’ अशी पाटी असते, आणि तिथं माझं कौतुक अडखळतं. ती पाटी कशातून आली हे उघड आहे. पुढच्या हॉलमध्ये पुरुष प्यायला बसणार, म्हणून बायकांना आत, कधी पडद्यामागे. वागायचं नीट नाही पुरुषाला, आणि जागा बदलायची बाईने. मग चार मुली, विद्यापीठात शिकणाऱ्या, मैत्रिणीच्या वाढदिवसाला आल्या तर त्या फॅमिली की नाही? वेटर त्यांना न विचारताच आत नेतो. एक मुलगा आणि एक मुलगी आली तर गल्ल्यावरची नजर दोघांच्या आडनावांचा अंदाज घेऊ लागते. घटनेने ज्या दारातून सगळ्यांना आत घेतलं, त्या दाराच्या आत आपण पुन्हा एक मांडव घातलाय. फॅमिली हॉल ही बायांसाठीची सोय म्हणून चांगली सुरुवात होती. कायमची मुक्कामाची जागा म्हणून ती वाईट आहे.

आता पानात काय येतं ते बघू. परभणीत बसून तुम्ही दाल माखनी, पनीर बटर मसाला, व्हेज कोल्हापुरी (कोल्हापुरात कुणाच्याही घरी न होणारी) आणि तंदुरी रोटी खाता. याचं मूळ फार लांब आहे. फाळणीत पेशावरकडून आलेल्या माणसांनी दिल्लीत दर्यागंजला मोती महल थाटलं, तंदूर हॉटेलात आला, तिथून हायवेच्या ढाब्यांवर आणि ढाब्यांवरून देशभर. हॉटेलवाल्याच्या दृष्टीने या जेवणाची खुबी चवीत नाही, मांडणीत आहे. दुपारी तीन पातेली तयार होतात: टोमॅटोची लाल ग्रेव्ही, कांद्याची पिवळी, काजू-मगजची पांढरी. रात्री ऑर्डर आली की कढईत दोन पळ्या हिच्या, एक पळी तिची, वर पनीर नाहीतर मटार, शेवटी साय नाहीतर कसुरी मेथी. साठ भाज्यांचं कार्ड तीन पातेल्यांतून निघतं. मैद्याचे गोळेही संध्याकाळी सहालाच ट्रेमध्ये ओल्या फडक्याखाली मांडून ठेवता येतात.

ज्वारीचं असं होत नाही. आणि हे गाव ज्वारीचं आहे. १९७२ पासून इथं कृषी विद्यापीठ आहे, ‘परभणी मोती’सारखे ज्वारीचे वाण इथून निघाले. परभणीच्या नावाची ज्वारी शेतात आहे, परभणीतल्या मेनूकार्डावर नाही. कारण आळस नव्हे, ज्वारीचा स्वभाव. तिच्या पिठाला गव्हासारखा ताण नाही. कढत पाण्यात एका भाकरीपुरतंच मळायचं, तळहाताने रगडायचं, लगेच थापायची, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकायच्या आत उलटायची आणि विस्तवावर फुगवायची. गोळा करून ठेवला की कडा चिरतात. प्रत्येक भाकरीमागे एक माणूस उभं पाहिजे, आणि ते माणूस आमच्याकडे बाईच असतं. येसर, धपाटे, सुशीला हे पदार्थ कार्डावर न येण्यामागे ‘हे काय, घरीच मिळतं’ ही भावना आहेच. घरी मिळतं म्हणजे कुणीतरी फुकट करतं. फुकट मिळणाऱ्या कामाला दर लावायला हॉटेलही धजत नाही. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायांना १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, तेव्हा त्यांच्या हाताला सावकाराशिवाय कर्ज मिळू लागलं. त्या कामाला काम म्हणायला तिथंही बराच उशीर झाला होता.

पैशाचा आक्षेप राहिला होता. तो खरा आहे. २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ग्रामीण भारतातल्या खर्चाचा ९.६ टक्के वाटा पेयं, फराळ आणि तयार अन्न यांचा निघाला, धान्याचा ४.९. रेशनवर फुकट मिळणारं धान्य त्यात धरलेलं नाही आणि तयार अन्नात बिस्किटाचा पुडाही येतो. तरी बाहेरचं खाणं हा केवळ शहरी माजाचा विषय उरलेला नाही, एवढं त्यातून दिसतं. पण एसी हॉटेलातलं सहा जणांचं बिल म्हणजे कापूस वेचणाऱ्या बाईची बऱ्याच दिवसांची मजुरी. जातीची भिंत पाडून आपण पैशाची बांधली, असं कुणी म्हटलं तर मी नाकारणार नाही. दोन्हींत फरक एवढाच की ही भिंत एखाद्या चांगल्या सोयाबीनच्या वर्षी ओलांडता येते. २०२० च्या २६ जानेवारीला दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली, त्याआधी १९९५ नंतरच्या युती सरकारची रुपयाची झुणका-भाकर होती. पोट भरायला त्या ठीक. तिथंही मेनूकार्ड नसतं, मिळेल ते घ्यायचं.

आणि शेवटची पंगत? ती मोडली नाही, हलली. रात्री साडेअकराला शटर अर्धं खाली आल्यावर हॉटेलाच्या मागच्या बाजूला जा. आचारी, वेटर, टेबल पुसणारी पोरं तिथं पातेल्याभोवती बसून भात आणि वरण खातात. दिवसभर ज्या भाज्या नेल्या-आणल्या त्यातलं काही नसतं. भांडी घासणारी मावशी त्यांच्याही नंतर. तिला डबा बांधून दिला जातो, ती घरी जाऊन खाते. फॅमिली हॉलमध्ये एक बाई पहिल्यांदा बसून जेवली, तेव्हा दुसरी तिचं ताट घासत होती. पुढच्या हॉलचं कौतुक करताना मोरीकडे पाठ फिरवली तर आपणही पंगतीतल्या व्याह्यांसारखेच.

अशाच एका हॉटेलच्या मालकांना मी एकदा विचारलं, अहो, ज्वारीच्या गावात कार्डावर भाकरी का नाही? ते हसले. म्हणाले, ‘ठेवली होती की. झकास चालली. पण भाकरीवाली बाई आठला निघायची. गिऱ्हाईक येतं नऊला. पगार वाढवतो म्हटलं तरी थांबेना. म्हणाली, घरी माझ्या हातच्या भाकरीसाठी सगळे बसून असतात.’ पुरुष आचारी का थापत नाही, असं विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे मी चेष्टा करतोय अशा नजरेने पाहिलं. सध्या ते फॅमिली हॉल वाढवून घेताहेत. कार्डावर तंदुरी रोटीच आहे, साधी आणि बटर.